दादाच्या वर्षश्राद्धाला त्याच्या नकला केल्या तर चालेल का?

कृष्णाकाठची_कार्टी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

पुढच्या महिन्यात माझ्या दादाचं वर्षश्राद्ध आहे. सांगलीत, गावभागातल्या घरी. दादा माझ्याहून 6 वर्षांनी मोठा, 46 व्या वर्षी गेला. स्वादुपिंडाचा कॅन्सर. कळल्यापासून सात महिने.

विचारायचंय ते एवढंच. विधी झाले, पंगत उठली, की घरचीच तीसचाळीस माणसं उरतील. तेव्हा तासभर त्याचे किस्से सांगावेत, त्याच्या नकला कराव्यात असं माझ्या डोक्यात आहे. मामांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "श्राद्ध आहे का स्नेहसंमेलन?" वहिनी काहीच बोलली नाही. आणि वहिनी काही बोलली नाही म्हणजे नकार, हे आमच्या मांजरालाही माहीत आहे.

दादा मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी होता. शेतकऱ्यांची हळद दलालीवर विकून देणारं दुकान. शिक्षण बीकॉम, तेही तीन दमांत. पण पेटी वाजवायचा, दुकानांच्या पाट्या रंगवायचा, गणपतीत मंडळाची आरास करायचा, गल्लीतल्या टेनिस बॉलच्या मॅचची कॉमेंट्री करायचा, शंभर पानांचा मसालेभात एकटा उतरवायचा. मनगटी घड्याळं दुरुस्त करायचा. त्याने दुरुस्त केलेलं प्रत्येक घड्याळ पुढे जायचं. तक्रार केली तर म्हणायचा, "मागं पडण्यापेक्षा बरं की!" यातल्या एकाही कामाचे पैसे त्याने कधी घेतले नाहीत. वहिनीचं आणि त्याचं जे काही भांडण व्हायचं ते तेवढ्या एकाच विषयावर.

त्याचा हुकमी आयटम म्हणजे सौदे. दिवसभर यार्डात हळदीचे सौदे ऐकून त्याचा गळा तसाच झाला होता. लग्नात पंगत संपत आली की उरलेल्या जिलबीचे सौदे काढायचा. पुढे पुढे नातेवाइकांचे. "बोला! माल कुपवाडचा, मामा, नग एक! वजन ब्याण्णव किलो, राजापुरी गड्डा, पॉलिश केलेलं नाही! ओलावा जास्त हाय, घट धरावी लागंल! हमाली घेणाऱ्याकडं!" आणि मामा बिचारे हातात ताट घेऊन उभे. तेच मामा आता स्नेहसंमेलन म्हणतायत.

तर, तुमच्यापैकी कुणी असं काही केलंय का? की मीच जरा जास्त करतेय?

रिकामटेकडा

"हमाली घेणाऱ्याकडं" वाचून ऑफिसात जोरात हसलो. साहेबांनी विचारलं काय झालं. म्हटलं, वर्षश्राद्धाचा धागा वाचतोय. तेव्हापासून माझ्याकडे वेगळ्याच नजरेनं बघतायत.

करा हो ताई. बिनधास्त करा.

मुक्काम_पोस्ट_कुपवाड

कुपवाडच्या मालाची बदनामी केल्याबद्दल जाहीर निषेध. आमच्याकडं ओलावा नसतो.

बाकी वरच्यांशी सहमत.

थोरली_जाऊ

मी जरा वेगळं बोलणार आहे, राग मानू नकोस.

माझा धाकटा दीर गेला तेव्हा त्याच्या मित्रांनी दहाव्यालाच कॉलेजातले किस्से काढले होते. मित्र हसले, रडले, मोकळे झाले आणि आपापल्या घरी गेले. रात्री जाऊबाई उष्टी भांडी समोर घेऊन तशीच बसली होती. मला म्हणाली, "सगळ्यांनी त्यांना वाटून नेलं, माझ्याकडं काय राहिलं?" बावीस वर्षं झाली, ते वाक्य मी विसरले नाही.

तू कुठे राहतेस लिहिलेलं नाहीस, पण "सांगलीत, गावभागातल्या घरी" या शब्दांवरून तू तिथे राहत नसावीस. कार्यक्रम करून तू परत जाशील. वहिनीला त्याच घरात झोपायचंय. मामांचं सोड, ती पिढी तशीच. वहिनी का गप्प आहे ते आधी विचार. इथे चाळीस जणांनी "करा" म्हणून काही उपयोग नाही.

कृष्णाकाठची_कार्टी

पुण्यात राहते. बरोबर ओळखलंत. तुमचं वाचून पोटात गोळा आला, पण लिहिलंत ते बरं केलंत.

निर्व्यसनी

वाईट वाटले. एक विचारतो, बंधूंना तंबाखू, मावा, दारू असे काही होते का? आपल्या भागात प्रमाण फार आहे. इतरांना बोध घेता येईल म्हणून विचारले.

खणभाग_एक्सप्रेस

घ्या. आला बोध घेणारा.

अहो, माणूस गेलाय, वर्ष होत आलंय, बहीण त्याच्या नकला करू का विचारतीय, आणि तुम्ही मावा काढता? तोंडाचा कॅन्सर असता तरी हे विचारायची ही वेळ न्हवं.

ताई, एक सांगा. तुमचे दादा म्हणजे भावे नाट्यमंदिरात हौशी नाटकाला प्रॉम्प्टिंग करायचे तेच का? उंच, चष्म्याला मागं दोरी, आवाज खर्जातला? तसं असेल तर मी त्यांचा भक्त आहे. एका प्रयोगाला नायक तिसऱ्या अंकात ठार विसरला. विंगेतून वाक्य आलं. याला ऐकू आलं नाही. परत आलं, जरा मोठ्यानं. तरी नाही. तिसऱ्यांदा ते वाक्य असं खणखणीत आलं, हुंदक्यासकट, की शेवटच्या रांगेतनं टाळी पडली. विंगेला टाळी! नायक तसाच उभा. मग आतनं आवाज आला, "आता तू जा, मी बघतो पुढचं." नाट्यगृह पाच मिनिटं बंद पडलं होतं हसून.

कृष्णाकाठची_कार्टी

@खणभाग_एक्सप्रेस, तोच!! चष्म्याची दोरी वहिनीने बांधली होती, सारखा हरवायचा म्हणून. त्या नायकाने पुढे दोन वर्षं दादाशी अबोला धरला होता. दादाचं म्हणणं, "1843 साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत नाटक सुरू केलं, तेव्हापासून पाठांतर कुणी केलेलं नाही. सगळा भार आमच्यावर."

@निर्व्यसनी, नाही हो. सुपारीचं खांडसुद्धा नाही. चहा मात्र दिवसाला आठ. तुमचा हेतू वाईट नसेल, पण हा प्रश्न गेल्या वर्षात मला इतक्या वेळा विचारलाय की आता उत्तर देताना आपणच काहीतरी लपवतोय असं वाटायला लागतं.

निर्व्यसनी

क्षमस्व. माझे वडील घशाच्या कॅन्सरने गेले, दिवसाला दोन पुड्या तंबाखू. त्यामुळे मला दुसरे काही सुचतच नाही. प्रतिसाद काढून टाकू का?

खणभाग_एक्सप्रेस

असू द्या ओ. मी पण जरा लईच बोललो.

सातारी_टोप

माझी आक्का स्तनाच्या कॅन्सरने गेली, सहा वर्षं झाली. ती शिवणकाम करायची, भारुडं म्हणायची, आणि शिव्या अशा द्यायची की ऐकणाऱ्याला आशीर्वाद वाटावा. केमोत केस गेले. भावजींनी हौसेनं पुण्याहून केसांचा टोप आणला, महागातला. एका सकाळी हट्ट धरला, अजिंक्यतारा चढायचा. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हणे. निम्म्या वाटेवर वारा असा सुटला की टोप गेला उडून खाली करवंदीच्या जाळीत. मी खाली उतरायला लागलो तर मला धरून खाली बसवलं आणि आपण हसत सुटली. "जाऊ दे रं. राजधानीच्या गडाला टोप वाहून आले. महाराजांना जिरेटोप, माझा बिनजिऱ्याचा." तशीच भुंडी वर चढली, तशीच खाली आली, आणि राजवाड्यासमोर चौपाटीवर भेळ खाल्ली. लोक बघत होते. ती म्हणाली, "बघू द्यात, पैसे पडत न्हाईत."

वर्षश्राद्धाला हा किस्सा मी सांगितला. भावजी उठून बाहेर गेले. त्यांच्या दृष्टीनं त्यांनी आणलेली वस्तू हरवली होती, आणि आम्ही हसत होतो. हे मला आजवर सुचलं नव्हतं, थोरली_जाऊ यांचा प्रतिसाद वाचून आत्ता लिहिता लिहिता लक्षात आलं. सदस्यनाव त्यावरूनच घेतलंय.

डॉ_काढा

मी पोटविकारांचा डॉक्टर नाही, साधा फॅमिली फिजिशियन. इथे व्यसनाचा विषय निघाला म्हणून थोडं.

स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये धूम्रपानाने धोका वाढतो हे खरं. मधुमेह, आनुवंशिकता हेही आहे. पण यातलं काहीही नसलेले कितीतरी रुग्ण असतात. हा अवयव पोटाच्या मागे, पाठीच्या कण्याला टेकून असतो, हाताला लागत नाही. गाठ शेपटीकडे असेल तर बराच काळ काहीच कळत नाही, कळलंच तर पाठदुखी, वजन उतरणं, अचानक सुरू झालेली साखर. डोक्याकडे असेल तर पित्ताची नळी दाबली जाते आणि कावीळ दिसते. ही कावीळ बहुतेकदा न दुखणारी. अंगाला खाज, लघवी गडद, शौच पांढुरकी. चाळिशीनंतर अशी कावीळ झाली तर पथ्यपाणी करत बसू नका, सोनोग्राफी करून घ्या. आपल्याकडे दंडाला डाग देणारे, नाकात थेंब सोडणारे, माळ घालणारे गावोगाव आहेत. साधी विषाणूची कावीळ बहुधा आपोआप उतरते आणि श्रेय माळेला जातं.

धागालेखिकेच्या मूळ प्रश्नावर मत नाही. माझ्या स्वतःच्या श्राद्धाला मात्र कुणीतरी माझ्या अक्षराची नक्कल करावी.

रिकामटेकडा

@डॉ_काढा, करतील हो, पण वाचणार कोण? औषधवाल्यालाच बोलवावं लागेल.

दादर_स्लो

आम्ही मिरजेचे, पण भावाच्या उपचारांसाठी वर्षभर परळच्या टाटात येजा होती. रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस, पहाटे दादर, मुक्काम गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत. तिथं जे हसणं ऐकलं ते बाहेर कुठं नाही ऐकलं. एकाच्या घशाला भोक, एकाचा पाय नाही, आणि रात्री पत्ते. हरला त्यानं सगळ्यांच्या फायली उद्या रांगेत धरायच्या. माझा भाऊ मुद्दाम जिंकायचा नाही, म्हणायचा, "रांगेत गप्पा मिळतात."

नातेवाईक भेटायला आले की मात्र सगळे पेशंट एकदम पेशंटासारखे तोंड करायचे. ते गेले की परत पत्ते.

कार्टीताई, मला एकच विचारायचंय. दादा आजारपणात विनोद करायचे का? आणि तुम्ही हसायचात?

कृष्णाकाठची_कार्टी

@दादर_स्लो, दोन दिवस उत्तर लिहून पुसतेय. लिहूनच टाकते.

दादा यार्डातून आला की पिवळा असायचा. कॉलर, नखं, कानामागची घडी, रुमाल. वहिनी त्याचे शर्ट वेगळे भिजवायची. लहानपणापासून आम्हाला माणूस असाच दिसतो असं वाटायचं. मागच्या वर्षी मी माहेरी गेले होते, संध्याकाळी तो घरी आला आणि आई म्हणाली, "अरे, डोळे पिवळे दिसतायत का तुझे?" दादा आरशात बघून यार्डातल्या आवाजात म्हणाला, "बोला! भाव चढलाय! पोत्यात माईना म्हणून डोळ्यांत भरून आणलीया!"

आम्ही सगळे हसलो. वहिनी तर पोट धरून. मी त्याचा व्हिडिओसुद्धा काढला. तो अजून फोनमध्ये आहे, बघवत नाही.

हळद डोळ्यात उडाली तर डोळा लाल होतो, चुरचुरतो. असा निवांत पिवळा होत नाही. हे आज कळतं. तीन आठवडे तो विनोद घरात चालला. जो येईल त्याला दादा भाव सांगायचा. मग खाज सुटली. मग कुणीतरी सांगितलं म्हणून पंधरा दिवस झाडपाल्याचं औषध. मग सोनोग्राफी. मग पित्ताच्या नळीत स्टेंट, मग मुंबई. तिथल्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं की गाठीने शेजारची रक्तवाहिनी धरलीय, ऑपरेशन होणार नाही. दादाने ते चित्र बघून सांगितलं, "डॉक्टर, स्वादुपिंड मोठं काढलंय तुम्ही, प्रमाण चुकलं." आणि पेन घेऊन दुरुस्त करून दिलं.

तर आजारपणात तो विनोद करायचा. मी हसणं बंद केलं होतं. त्या पहिल्या हसण्याची मला इतकी भीती बसली होती की तो तोंड उघडायला लागला तरी मी आधी त्याचे डोळे बघायची.

शेवटच्या महिन्यात एका दुपारी त्याने मला एक कागद दिला. अडत दुकानात शेतकऱ्याला माल विकल्यावर हिशोबाची पट्टी देतात ना, तशी आखलेली, पाटी रंगवायच्या अक्षरात.

माल: दादा, नग 1
आलेले वजन: 78 किलो
आजचे वजन: 51 किलो
घट: 27 किलो (ओलावा नव्हता, तरी)

इथवर वाचलं आणि मी ओरडले त्याच्यावर. "तुला सगळंच कसं रे थट्टेवारी नेता येतं? आईने बघितलं तर?" त्याने कागद माझ्या हातातून काढून घेतला, घडी केली, बनियनच्या खिशात ठेवला. म्हणाला, "बरं. पट्टी मान्य नाही म्हणायचं." मग अकरा दिवसांनी गेला. कागद नंतर सापडला नाही.

नकला कराव्यात असं मला का वाटतं ते आता तुम्हीच ओळखा.

खणभाग_एक्सप्रेस

काय लिहू. चहा गार झाला.

डॉ_काढा

मघाशी माझा प्रतिसाद कोरडा झाला. माफ करा.

ते पाच आठवडे आधी कळलं असतं तर काय झालं असतं, हे मी इथे बसून सांगू शकत नाही, आणि कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. एवढं माहीत आहे की या आजारात निदान होतं तेव्हा साधारण पाच जणांत एखाद्याचीच गाठ काढण्याजोगी असते. पिवळेपणा दिसायच्या कितीतरी आधीपासून ती तिथे असते. घरातल्या माणसाच्या विनोदाला हसणं हे निदानातल्या विलंबाच्या कारणांत मी तरी कधी वाचलेलं नाही. माझ्या आईची साखर मला दोन वर्षं कळली नव्हती. रोज समोर जेवायला असायची.

थोरली_जाऊ

बाळ, वहिनीला फोन केलास का?

हसताना ती "पोट धरून" हसत होती असं तू लिहिलंयस. ती का गप्प आहे हे तू तुझ्या हातानेच लिहून गेलीस, लक्षात आलं का?

कृष्णाकाठची_कार्टी

नाही आलं. आत्ता आलं.

मिरजेचा_जवारीवाला

जड विषयात जरा अवांतर करतो. पेटीचं काय झालं? दादा पेटी वाजवायचे म्हणून तुम्ही लिहिलं आणि पुढं पेटीवर एक अक्षर नाही. पेटी वाजवली नाही तर खराब होते, वाजवून होत नाही एवढी.

कृष्णाकाठची_कार्टी

@मिरजेचा_जवारीवाला, पेटीची एक वेगळीच कादंबरी आहे. आजोबांची पेटी. 2019 च्या ऑगस्टात पूर आला, आयर्विन पुलावर पाणी 57 फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी 45. गावभागात आमचा खालचा मजला पाण्यात. दादा गच्चीवरून शेजाऱ्यांसाठी कॉमेंट्री करत होता, "कृष्णेनं अर्धशतक केलंय, खेळी संयमी, पण बाद व्हायचं नाव नाही." तिसऱ्या दिवशी बोट आली. बोटवाले म्हणाले, फक्त माणसं, सामान नाही. दादाने पेटी शालीत गुंडाळली होती. म्हणाला, "आजोबा आहेत. दमा आहे त्यांना." आणि भाता जरा दाबला. पेटीने असा काही सुस्कारा टाकला की बोटीतल्या पोराने हात पुढे करून आधी तीच घेतली.

दमट हवेने पुढे काही सूर बसले. पुतणी आणि माझा मुलगा लहान होते तेव्हा दादाने त्यांना सांगितलं होतं की पेटीला तासगावचे बेदाणे आवडतात, खायला घातले की गोड वाजते. पोरं खरंच मूठ भरून आणायची. दादा हात पुढे करून "मी भरवतो" म्हणायचा आणि स्वतः खायचा. आता वर्षभर ती माळ्यावर आहे.

मिरजेचा_जवारीवाला

आमच्या घराण्याचं काम तंबोरे-सतारींचं. भोपळा, तूणाचं लाकूड, घोडीवर जवारी काढणं, म्हणजे तारेला झंकार आणणं. पेटी हा आमचा धंदा नव्हे, पण दोन घरं सोडून एक पेटीवाले काका आहेत, त्यांचा हात चांगला. सतारमेकर गल्लीत या, मी घेऊन जातो. 2024 ला मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हापासून फोटो काढायला लईजण येतात. वाद्य घेऊन कुणी आलं तर बरं वाटंल.

मुक्काम_पोस्ट_कुपवाड

येताना मिरजेहून आमच्याकडं या. भडंग देतो. मामांना पण आणा, वजन करू.

कृष्णाकाठची_कार्टी

मंडळी, काल वर्षश्राद्ध झालं. वृत्तांत देणं कर्तव्य आहे.

आधी वहिनीचं. थोरली_जाऊ, तुमचं वाचून त्याच रात्री फोन केला. दहा मिनिटं भाजीपाल्यावर बोललो. मग ती म्हणाली, "मी सगळ्यात जास्त हसले होते गं त्या दिवशी. मी त्यांचे शर्ट धुते. हळद कुठली आणि काय कुठलं, मला कळायला नको?" मी डॉ_काढा यांचा प्रतिसाद तिला वाचून दाखवला. ती ऐकून घेते म्हणाली, पटला असं म्हणाली नाही. मग म्हणाली, "कर तू कार्यक्रम. फक्त सौदे नकोत."

कार्यक्रम साफ पडला. मुळात नकला दादाला यायच्या, मला नाही, हा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. प्रॉम्प्टरचा किस्सा सांगितला तर दोन आत्यांनी विचारलं, "मग नाटक पुढं झालं की नाही?" बोटीचा किस्सा सगळ्यांना पाठ होता, तो माझ्या आधी तेच संपवत होते. एक काका घोरायला लागले. शेवटी मी गप्प बसले आणि वहिनी उठून आत गेली. मला वाटलं, झालं, दुखावली.

ती देव्हाऱ्याखालचा डबा घेऊन बाहेर आली. त्यात ती पट्टी होती.

म्हणाली, "तू ओरडलीस म्हणून मग मला दाखवली त्यांनी. मी हसले होते." आणि वाचायला लागली. घटीच्या पुढचं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

हमाली: बहिणीकडे
तोलाई: नर्सबाई, रोज सकाळी
अडत: वरचा घेईल ती
शिल्लक: पेटी 1, घड्याळे 7 (सर्व पुढे)
बायको: विक्रीला नाही

कुणी काही बोलेना. आई पदर तोंडाला लावून बसली होती, हसत होती की रडत होती ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तेवढ्यात मामा खाकरले. म्हणाले, "ते मला कायम ब्याण्णव किलो सांगायचं. मी एकोणनव्वद होतो तेव्हा. कधी दुरुस्त केलं नाही."

त्यावर जो हशा झाला, त्याने घोरणारे काका उठले.

थोरली_जाऊ

वहिनीला माझा नमस्कार सांग.

सातारी_टोप

वाचलं. भावजींना फोन केला. टोपाबद्दल बोललो नाही, नुसतंच बोललो.

निर्व्यसनी

89 की 92, पावती आहे का?

खणभाग_एक्सप्रेस

@निर्व्यसनी, आता कसं! बसा, चहा सांगतो.

मिरजेचा_जवारीवाला

कार्टीताई, तुम्ही रविवारी पेटी ठेवून गेलात, काकांनी ती आज उघडली. सगळं घर बघायला जमलं होतं. सूर दमटपणानं बसलेले नाहीत. वरच्या जाळीच्या भोकातनं आत बेदाणे गेलेत. चांगले ओंजळभर निघाले, काळे पडलेले, काही सुरांच्या पट्ट्यांवरच चिकटलेले. तुमच्या भावानं सगळे स्वतः खाल्लेले नाहीत, पोरांनी गुपचूप बरेच भरवलेत. काका म्हणाले, पन्नास वर्षांत पेटीच्या पोटातनं उंदीर, झुरळं, पाचाची नाणी निघाली, पण खाऊन बसलेली पेटी पहिलीच.

मुंग्या होत्या म्हणून बेदाणे टाकून दिले. विचारायला हवं होतं का?

कृष्णाकाठची_कार्टी

टाकलेत ते उत्तम. पुतणीला सांगितलं, अपचन झालं होतं, आता दोन आठवडे पथ्य. ती विचारतेय, मनुका चालतील का.